सेक्रेटरींचं अक्षर गावभर

"जिन्यात सायकल ठेवू नये. ठेवल्यास ती सर्वांची समजण्यात येईल."

ही सूचना रविवारी सकाळी लागली आणि सोमवारी संध्याकाळी चोरीला गेली. सायकल नव्हे, सूचना. सायकल होती तिथेच होती.

सेक्रेटरींनी दुसरी लिहिली, ती बुधवारी गेली. मग त्यांनी नुसतंच "सूचना चोरू नये" असं लिहून लावलं, तर ते गोंद वाळायच्या आत नाहीसं झालं. आता चोराने पितळी नळ न्यावा, पायपुसणं न्यावं, आपण समजू शकतो. पण कागद? चौथ्या मजल्यावरच्या वकिलांचं मत पडलं की हा कमिटीविरुद्ध कट आहे. वकिलांना सगळीकडेच कट दिसे. दूध नासलं तरी यामागे कुणाचा हात आहे ते आधी बघत.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या या गोष्टीतल्या इमारतीचे सेक्रेटरी. बारा बिऱ्हाडं आणि एक लिफ्ट, तीही बहुतेक वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये विचार करत उभी. दिवसा ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते, पण त्या खुर्चीचा त्यांना फारसा अभिमान नव्हता. अभिमान होता तो अक्षराचा. गोल, टपोरं, पोटात थोडी हवा राखून लिहिलेलं अक्षर. रागावून लिहिलं तरी ते मायेनंच रागावल्यासारखं दिसे, त्यामुळे सूचना सगळे वाचत आणि पाळत कुणीच नसे.

इथे एक घरगुती बाब सांगायलाच हवी, कारण पुढे सगळी गाडी तिथेच येऊन अडणार आहे. सेक्रेटरींची बायको रुग्णालयात नर्स. सकाळची पाळी. ती सव्वापाचला घर सोडी तेव्हा सेक्रेटरी गाढ झोपेत. ते सात वाजता उठत. ती तीनला परत येई, हे सातला. साडेआठला जेवताजेवता तिचे डोळे मिटायला लागत. अशा संसारात माणसं बोलणार कधी? म्हणून सेक्रेटरी रोज तिच्या डब्यावर एक चिठ्ठी ठेवत. "जपून जा. गुडघ्याला पट्टा बांध." "काल खोकत होतीस. दिवसभर डॉक्टरांत असतेस, एकाला तरी दाखव." कधी नुसतंच "दमलीस ना?" सव्वीस वर्षं. यातलं एक वाक्यही त्यांना तोंडाने बोलता आलं नसतं. बायको समोर आली की त्यांच्या तोंडून "वीजबिल आलं का?" एवढंच निघे. तिने कधी उलट चिठ्ठी लिहिली नाही. ती चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकी आणि बसमध्ये वाची, बस्स.

तर आणखी आठ सूचना गेल्यावर चोर सापडला. तळमजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी, पोस्टरं वगैरे करणारी डिझायनर, सुरीच्या पात्याने अलगद सूचना सोलून काढताना सेक्रेटरींच्या हाती रंगेहाथ लागली.

"काका, हे तुम्ही लिहिता?" ती उलट त्यांच्यावरच उखडली. "मला वाटायचं तुम्ही नुसते रागावता. लिहून घेता दुसऱ्या कुणाकडून."

तिच्या खोलीत गेल्यावर सेक्रेटरींना क्षणभर आपण झोपेत तर नाही ना असं वाटलं. चपलांच्या दुकानातला लाकडी पाय खिडकीत उभा होता. चाळणीचा दिवा केलेला, त्याच्या भोकांतून छतावर ठिपक्याठिपक्यांचा उजेड. एका भिंतीवर नुसत्या पाट्या होत्या. "उधार बंद"मधलं फक्त "बंद", "कुत्र्यापासून सावध" असं लिहून बाजूला मांजर काढलेली एक, आणि या सगळ्यांच्या मधोमध सेक्रेटरींच्या अकरा सूचना, काचेच्या चौकटीत. शहरात सापडणाऱ्या असल्या विक्षिप्त वस्तूंचं एक प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी तिचा हा उद्योग चालला होता.

"मला तुमच्या अक्षराचा फाँट करायचाय," ती म्हणाली. "म्हणजे कॉम्प्युटरवर कुणीही टाइप केलं की तुमच्या अक्षरात उमटेल."

"आणि मी?"

"तुम्ही आपले हातानेच लिहा की."

यात नाही म्हणण्यासारखं काही सेक्रेटरींना दिसेना. खरं सांगायचं तर छातीत कुठंतरी गोड गोड व्हायला लागलं होतं. बातमी जिन्याने वर गेली. लिफ्ट बंद होती, तरी चौथ्या मजल्यावर पाच मिनिटांत पोचली. वकील म्हणाले, "काहीही सही करण्याआधी मला दाखवा." सेक्रेटरींना हे लागलं. तीस वर्षं ज्या माणसाने लोकांचे फॉर्म तपासले, त्याला फॉर्म कसा भरावा हे चौथ्या मजल्याने शिकवावं?

सहा रविवार ते तिच्या टेबलाशी बसून चौकटीत अक्षरं लिहीत होते. जोडाक्षरं धरून चारशेच्या वर चौकटी. "ङ" त्यांनी शाळा सुटल्यापासून लिहिला नव्हता. दारात जुना वर्गमित्र यावा तशा अगत्याने त्यांनी तो लिहिला. बाहेर दुपार सांडलेली असे, चाळणीचे ठिपके कागदावर हळूहळू सरकत, आणि एकेक अक्षर उतरताना त्यांना वाटे की आपण कुठेतरी वर, ढगांतल्या एखाद्या कचेरीत बसून साऱ्या जगाच्या जन्मनोंदी करतोय. इतकं सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

सातव्या रविवारी तिने संमतीचा फॉर्म पुढे ठेवला.

आता क्लार्कची जात काय असते ते ऐका. क्लार्क उपाशी राहील, पण फॉर्ममधला रकाना रिकामा सोडणार नाही. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, उद्या त्यात कुणीही काहीही लिहील. म्हणून जिथे सुचत नाही तिथे तो "लागू नाही" असं लिहितो आणि शांत झोपतो. सेक्रेटरींनी पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मग त्यांचा हात सवयीने धावत सुटला. टोपणनाव : लागू नाही. यापूर्वीचे फाँट : लागू नाही. मुदत : लागू नाही. वापरावरील मर्यादा : लागू नाही.

मुलीने भुवया वर नेल्या. "काका, नक्की? म्हणजे कुणीही, कशासाठीही, कायमचं?"

"आम्ही रकाना रिकामा सोडत नसतो," सेक्रेटरी म्हणाले.

तिचे डोळे पाणावले. इतका मोठ्या मनाचा माणूस तिने पाहिला नव्हता. तिने त्याच संध्याकाळी तो फाँट सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला आणि त्याचं नाव ठेवलं "सेक्रेटरी".

पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला जाताना पुढच्या बसच्या पाठीवर त्यांनी वाचलं, "मागून या, घाई नाही." आपलं अक्षर! ते इतके हरखले की आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले. चष्म्याच्या दुकानावर "हे वाचता येत नसेल तर आत या." ज्यूसच्या पेल्यावर "गाळून दिला आहे." नाक्यावरच्या व्यायामशाळेने तर दुमजली फलक लावला होता, "तुमचं पोट आम्हाला इथून दिसतं." सेक्रेटरींनी श्वास आत ओढून घेतला. आपल्याच अक्षरात आपल्याला असं कुणी बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग ते सगळीकडेच पसरलं. लोकांना ते अक्षर घरचं वाटे म्हणे, त्यावर विश्वास बसे. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सेक्रेटरी घरी चालत येत तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाट्या त्यांच्याशी त्यांच्याच हाताने बोलत असत. दाढी करून घ्या. केक ताजा आहे. ढेकणांचा नायनाट. इथे गाडी लावू नये. आपण रस्त्यातून चाललोय की आपल्याच डोक्यातून, हे त्यांना कधी कधी कळेनासं होई. एकदा एका बंद दुकानाच्या शटरवर "लवकरच परत येत आहोत" असं दिसलं आणि ते उगाच कितीतरी वेळ तिथे उभे राहिले. कोण येणार आहे आणि कुठून, ते त्यांना आठवेना.

घोटाळ्याला सुरुवात पाण्यापासून झाली. एका सकाळी इमारतीच्या फलकावर सूचना लागली, "उद्या पाणी येणार नाही. भरून ठेवावे." कुणीतरी गंमत केली होती, छापून. पण अक्षर सेक्रेटरींचं, आणि त्यातून नोकरी पाणीपुरवठ्यात! बाराच्या बारा बिऱ्हाडांनी बादल्या, टब, पातेली, फुलदाण्या भरल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रबरी गरम पाण्याच्या पिशव्यासुद्धा भरल्या. गच्चीवरची टाकी संध्याकाळपर्यंत कोरडी ठणठणीत झाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पाणी आलं नाही.

"मी लिहिली नाही हो ती सूचना!" सेक्रेटरी जिन्यात उभे राहून सांगत होते.

"सूचना खरी ठरली ना?" वकील म्हणाले. "मग ती तुमचीच. खोटी ठरली असती तर आपण लढलो असतो."

ही गोष्ट ऑफिसपर्यंत गेली. खात्यातली आतली माहिती बाहेर फोडल्याबद्दल खुलासा मागणारा कागद सेक्रेटरींच्या टेबलावर आला. त्यात भर म्हणजे, प्रदर्शनाचं उद्घाटन मंगळवारी होतं आणि त्यासाठी त्यांनी रजेचा अर्ज टाकला होता. साहेबांनी तो परत पाठवला. शेरा होता, "अर्ज स्वहस्ताक्षरात असावा. छापील अर्ज चालणार नाही."

सेक्रेटरी अर्ज घेऊन आत गेले. "साहेब, हे हातानेच लिहिलंय. शाई बघा."

"शाईचं काय घेऊन बसलात? आमच्या मेव्हण्याकडचा प्रिंटर इतकी सुंदर शाई फासतो की बोटाला लागते."

"मी आपल्यासमोर लिहून दाखवतो."

त्यांनी समोर बसून लिहून दाखवलं. साहेब कौतुकाने बघत राहिले. मग म्हणाले, "जमलंय छान. तुम्ही त्या फाँटची नक्कल करायला किती दिवस शिकलात?"

सेक्रेटरींच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण साहेब मनाने वाईट नव्हते, नियमाने बांधलेले होते. त्यांनी तोड काढली : सदर अक्षर सदर इसमाचंच आहे असा दाखला संबंधितांकडून आणावा. संबंधित म्हणजे तळमजल्यावरची मुलगी. तिने आनंदाने दाखला दिला, शिक्का मारला, खाली झोकात सही केली. साहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि सेक्रेटरींपुढे सरकवला. "हा तर तुम्हीच लिहिलाय."

पाहतात तो काय, मुलीने प्रेमाने सगळा दाखला "सेक्रेटरी" फाँटमध्येच काढला होता. रजा नामंजूर झाली, उद्घाटन हुकलं, आणि वर बनावट दाखल्याबद्दल दुसरा खुलासा मागण्यात आला.

हे सगळं सेक्रेटरी निभावून नेत होते. अपमान झाला की ते आतल्या आत एक सूचना तयार करत, "हेडक्लार्कशी बोलताना मान राखावा", आणि ती मनातल्या फलकावर लावून मोकळे होत. पण त्याच आठवड्याच्या रविवारी बायकोला सुट्टी होती. दोघं चहा पीत बसली होती. खिडकीतून मऊ ऊन आत आलं होतं. ती काहीतरी बोलायचं म्हणून दोनदा थांबली आणि मग म्हणाली,

"अहो, रागावणार नसाल तर सांगू?"

"वीजबिल आलं का?" सेक्रेटरी म्हणाले.

"बसस्टॉपवर एका गादीवाल्याने फलक लावलाय. मोठा थोरला. त्यावर लिहिलंय, 'दमलीस ना? ये, झोप.' तुमच्या अक्षरात. पहिल्या दिवशी मला रडूच आलं. वाटलं, तुम्हीच कसं काय जमवलंत माझ्यासाठी. मग खाली गादीचं माप वाचलं."

सेक्रेटरींनी कप बशीत ठेवला.

"आता वॉर्डातही तेच आहे. 'हात धुवा.' 'आवाज करू नका.' काल शवागाराच्या दारावर नवी पाटी लावली. तीही तुमच्याच अक्षरात. दिवसभर सगळीकडून तुम्हीच बोलत असता, आणि त्यात तुम्ही कुठेच नसता." तिने कपात नसलेली साखर ढवळली. "मला वाईट वाटतं सांगायला. पण हल्ली मी चिठ्ठी वाचत नाही. वाचायची नाही असं नाही हो. उघडते. पण नजरच थांबत नाही त्यावर. जाहिरातीवरून जाते ना, तशी पुढे जाते."

बायको उठून कप विसळायला गेली. सेक्रेटरी बसल्या जागी बसून राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी जमवलेलं एकच धन होतं आणि ते त्यांनी "लागू नाही" असं लिहून रस्त्यावर वाटून टाकलं होतं. बायकोशी बोलायला त्यांच्याकडे दुसरी वाटच नव्हती, आणि हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

हातपाय गाळून बसतील तर ते सेक्रेटरी कसले? त्यांनी ठरवलं, अक्षर बदलायचं. रोज रात्रीचं जेवण झालं की ते तिरपं लिहून बघत, बारीक लिहून बघत, पण हात घरी परतणाऱ्या बैलासारखा दोन ओळींत आपल्या वळणावर येई. शेवटी त्यांनी डाव्या हाताने लिहायचं ठरवलं. अर्धा तास घाम गाळून एक ओळ उतरली, "लवकर ये. मी वाट पाहतोय." ती त्यांनी डब्यावर ठेवली आणि समाधानाने झोपले.

दुपारी ऑफिसात वकिलांचा फोन. "ताबडतोब घरी या. वहिनींना धमकी आलीय."

वहिनींनी ती चिठ्ठी बसमध्ये उघडली होती, आणि गर्दीत कुणीतरी ही पर्समध्ये सारली असंच तिला वाटलं. वेडीवाकडी, थरथरती अक्षरं, खाली नाव नाही, आणि कुणीतरी म्हणतोय मी वाट पाहतोय! पाळी संपल्यावर ती एकटी घरी यायला धजेना, वॉर्डातल्या दोघी तिला सोडायला आल्या. वकिलांनी चिठ्ठी पारदर्शक पिशवीत घालून ठेवली होती. "लिहिणारा माणूस बहुधा अशिक्षित आहे," ते सेक्रेटरींना म्हणाले, "आणि मनाने विकृत."

मी लिहिली म्हणावं तर वकिलांसमोर अब्रू जाते, नाही म्हणावं तर बायको घाबरून राहते. सेक्रेटरींनी मान खाली घालून कबूल केलं. वकिलांनी पिशवी खिशात घातली. बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते सेक्रेटरींना दिसलं नाही, आणि बघायचा धीरही झाला नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर ते थेट प्रदर्शनाला गेले. मुलगी तिथे असेल, तिला सांगायचं की बाई, झालं तेवढं पुरे, माझं अक्षर मला परत दे.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. आत शिरले आणि त्यांची पावलं आपोआप हळू पडली. छतापासून बारीक तारांनी त्यांची अक्षरं लोंबकळत होती. माणसाएवढा "ळ". त्याच्या मागे "क्ष", पाठमोरा. खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याने ती सगळी सावकाश फिरत, आणि त्यांच्या सावल्या जमिनीवर एकमेकींत मिसळून भलतेच शब्द जुळवून पुन्हा मोडत. लोक कुजबुजत हिंडत होते. एक बाई "ङ"च्या खाली डोळे मिटून उभी होती. सेक्रेटरींना वाटलं, आपण मेलो की काय, आणि हा आपला हिशेब टांगलाय. मग वाटलं, किती सुंदर आहे हे. मी केलंय हे. त्यांनी हात वर करून "ळ"च्या पोटाला हलकेच स्पर्श केला.

"ओ काका! वस्तूंना हात लावू नये," रखवालदार ओरडला. त्याने बोट केलं तिथे पाटी होती, त्यांच्याच अक्षरात.

"हे माझं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"सगळ्यांना तसंच वाटतं," रखवालदार समजुतीने म्हणाला. "फार आपलंसं अक्षर आहे. अभिप्राय द्यायचा तर ती वही ठेवलीय."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, "प्रदर्शन पाहिले. मी इथे असतो तर बरे झाले असते." लिहून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच कळेना. रखवालदाराने खांद्यावरून वाचलं. "नक्कल झकास जमते तुम्हाला," तो म्हणाला. "पण वेलांटी थोडी चुकली."

मुलगी भेटली, पण उपयोग झाला नाही. "काका, आता कसं परत घेणार? लाखभर फोनमध्ये गेलंय ते." मग त्यांचा चेहरा बघून तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती इतकी कळवळली की सेक्रेटरींनाच तिची समजूत काढावी लागली. "तुझा दोष नाही, बाळ. रकाना मी भरला."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पेन उघडलं, बराच वेळ हातात धरलं, आणि टोपण लावून ठेवून दिलं. वाचली जात नाही ती चिठ्ठी कशाला लिहायची? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डब्यावर काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही बायकोची ड्युटी होती, आणि सेक्रेटरींना पाणीकपातीमुळे जादा काम म्हणून ऑफिसात बोलावलं होतं. ते सात वाजता उठले. टेबलावर त्यांच्या चष्म्याखाली एक कागद होता, रुग्णालयाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूवर काहीतरी खरडलेलं. आधी त्यांना वाटलं, पेशंटचा कागद राहिला. मग पहिला शब्द लागला. "अहो".

पुढचं काही म्हणजे काही लागेना. अक्षर म्हणावं की धावपळ? उभ्याउभ्या, चालत्या हाताने, कुणाच्या तरी नाडीवर दुसरा हात ठेवून लिहायची सवय झालेलं ते लिखाण होतं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, लांब धरला, उलटा धरला. एके ठिकाणी "बस" वाटलं, एके ठिकाणी "गुडघा" किंवा "घोडा". आपल्या बायकोचं अक्षर आपण आजवर कधी धड पाहिलंच नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना लाज वाटली. पेपर घ्यायला खाली गेले तेव्हा हातातला कागद पाहून वकील म्हणाले, "दाखवा, मी वाचतो, असले पुरावे माझ्या नजरेखालून रोज जातात." सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर "नाही" म्हटलं आणि वर आले.

हे वाचल्याशिवाय ऑफिसला जाणं शक्य नव्हतं. त्यांनी साहेबांना फोन केला. "आज येत नाही."

"अर्ज?"

"अर्ज नाही. मी तोंडाने सांगतोय."

अशा प्रसंगासाठी साहेबांकडे नियम नव्हता.

तीन वाजता बायको आली. सेक्रेटरींना घरात बघून तिचा चेहरा उजळला. "घेतलीत रजा! म्हणजे वाचलीत."

"वाचली की," सेक्रेटरी म्हणाले. हेडक्लार्कला कागद वाचता आला नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार?

तिने चपला काढल्या, पर्स ठेवली, आणि नेहमीसारखी आत जाऊन आडवी न होता त्यांच्यासमोर येऊन बसली. "मग बोला."

"काय?"

"काय म्हणजे? लिहिलंय ना मी."

"हो. ते बरोबरच आहे तुझं."

"बरोबर काय त्यात? मी विचारलंय. हो की नाही?"

सेक्रेटरींनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर कशाला, नाही म्हणावं तर काय जाईल कोण जाणे. "हो," ते म्हणाले. तिच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे, नाही."

"अहो, वाचलीत का खरंच?"

"नाही गं," सेक्रेटरी म्हणाले. "सकाळपासून वाचतोय. येतच नाही वाचता. अहो एवढंच लागलं. पुढे घोडा आहे का काही? तूच वाचून दाखव. मला ऐकायचंय. मला काल चिठ्ठी ठेवायची होती गं, पण तू वाचत नाहीस म्हणालीस, मग माझा हातच चालेना. मला तोंडाने बोलता येत नाही हे तुला माहीत आहे ना?"

एवढं लांब ते घरात कधी बोलले नव्हते. दोघंही दचकली.

मग तिने कागद घेतला. "वाचते. पण हसायचं नाही." आणि घसा साफ करून, शाळेतल्या मुलीसारखी कागद दोन्ही हातांत धरून ती वाचू लागली.

"अहो, आज डब्यावर काही नाही. आधी वाटलं पडली असेल, म्हणून ओट्याखाली पाहिलं. गुडघ्याने वाकता येत नाही तरी पाहिलं. त्यात बस गेली. पुढच्या बसला बारा मिनिटं आहेत म्हणून लिहितेय. मी वाचत नाही म्हटलं, ठेवू नका कुठे म्हटलं? डाव्या हाताने लिहिलीत ती मी वकिलांकडून परत मागून घेतलीय. ती मी वीस वेळा वाचली. आज रजा मिळते का बघा. मी आल्यावर झोपणार नाही. आपण बोलू. तुम्हाला नसेल जमत तर मी बोलेन, तुम्ही ऐकाल का?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. या वेळी कशाला ते त्यांना नीट माहीत होतं.

ती कागद घडी करायला लागली. सेक्रेटरींनी तिचा हात धरला. "खाली अजून एक ओळ आहे."

"ती काही नाही."

"आहे. ही बघ."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "मलाच लागत नाही आता. बसची वेळ झाली होती, घाईत लिहिलंय."

"लिहिताना तर लागत असेल?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने खिडकीबाहेर पाहिलं, दार लावलेलं आहे ना ते पाहिलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून सेक्रेटरींच्या कानाशी वाकून ती ओळ तोंडाने सांगितली. छोटीच होती. सेक्रेटरींनी ती आणखी एकदा सांगायला लावली.

ती ओळ आम्हाला माहीत आहे. पण इथे छापणार नाही. छापल्यावर काय होतं ते आपण पाहिलंच.